एकेचाळीस हॉटेलं आणि तुमचं घर

पंचशीलाताई, तुमच्या घराचा दरवाजा हिरवा आहे हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. याचा मला अजून राग आहे. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. पण तुम्ही मला ओळखता. मी मालवणची आहे, राग पोटात ठेवून मला जेवण जात नाही.

तीन वर्षांत आपण दोघींनी एकेचाळीस हॉटेलं पालथी घातली. आकडा तुमचा आहे, मी मोजत नव्हते. हॉटेल म्हणजे तुमच्या हिशेबाने सगळंच: टपरी, हातगाडी, खानावळ, धाबा, एसटी स्टँडवरचा चहावालासुद्धा. एकेचाळीस ठिकाणी आपण एका ताटात जेवलो आणि तुमच्या घरी मी एकदाही जेवले नाही. माझ्या स्कुटीवर मागे बसून तुम्ही रिसोड नाक्यापलीकडे यायचात, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी मला थांबवायचात, उतरायचात आणि म्हणायचात, "जाय आता, ऊन होऊन राह्यलं." पावसाळ्यात म्हणायचात पाणी येईल, थंडीत म्हणायचात अंधार पडतोय. सबबींना तुमच्याकडे तोटा नव्हता. मी गाडी वळवायची आणि मनात कुढत खोलीवर यायची. ताईंनी मला का बोलावलं नाही, एवढा एकच प्रश्न तीन वर्षं माझ्या डोक्यात होता. एरवी कुठल्याही गोष्टीवर मी तुमच्याशी तासभर भांडत असे, आणि नेमकं हे धडपणे विचारलं नाही.

कॉलेजात ग्रंथपाल म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा एप्रिल संपत आला होता. आमच्याकडे वाशीमचं नाव काढलं की लोक आधी नकाशा मागतात. आईने सुकवलेले बांगडे, आमसुलं आणि नारळ असं एक पोतं बरोबर दिलं. नारळ पहिल्या आठवड्यात संपले. शेजारच्या घरमालकिणीने वासावरून विचारणा केल्यावर बांगडे मी चौथ्या दिवशी गुंडाळून ठेवले. मग केळी आणि बिस्किटं. परक्या गावात माणसाला पहिली भीती वाटते ती जेवणाची, हे कुणी कबूल करत नाही. मला प्रत्येक हॉटेलबाहेर उभं राहून आतली माणसं बघायची आणि पुढे जायची सवय लागली. बाई माणूस एकटी दिसत नव्हती कुठे. आई रोज फोनवर विचारायची, "गो बाये, थंय खातंस तरी काय?" आणि मी रोज खोटं सांगायची.

तुम्ही ऑफिसमध्ये सीनियर क्लार्क होतात. माझा हजर झाल्याचा अर्ज तिसऱ्यांदा चुकला तेव्हा तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "जेवली का वं तू?" कॉलेजात सगळे मला मॅडम म्हणत होते आणि तुम्ही पहिल्याच वाक्याला वं म्हणालात. मी मान हलवली. तुम्ही टेबलाचा खण बंद केलात, पर्स घेतलीत आणि मला पाटणी चौकाच्या बाजूला एका पोहेवाल्यापुढे नेऊन उभं केलंत.

आता पोहे म्हणजे आमच्याकडे वर खोबरं, कोथिंबीर आणि सभ्यता. त्या माणसाने चांगल्या पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओतला. मी ओरडले. मी त्याला सांगायला लागले की अहो, पोहे भिजले, मला कोरडे द्या. तो माझ्याकडे आणि मग तुमच्याकडे बघायला लागला, ही बाई कुठून आणलीत म्हणून. तुम्ही शांतपणे मला चमचा दिलात. "पहिले खाय, मंग भांड," म्हणालात. मी खाल्लं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि दुसरी प्लेट. भांडण राहून गेलं. तर्री पोह्यांवर ओतावी की बाजूला द्यावी हा आपला वाद त्या दिवशी सुरू झाला. तो संपवायला तुम्ही थांबला नाहीत, तेव्हा माझंच म्हणणं खरं असं मी धरून चालते.

जूनमध्ये तुम्ही जाहीर केलंत की दर शनिवारी अर्धा दिवस सुटला की नवीन हॉटेल. मला काही विचारलं नाहीत. "तुले वाशीम दाखवतो," म्हणालात, आणि देवळं, तळी दाखवायची सोडून मला आलूबोंडे दाखवत सुटलात. पद्मतीर्थाचं तळं मी अजून नीट बघितलेलं नाही, पण त्या रस्त्यावर कुणाची भजी शिळ्या तेलातली असतात ते सांगू शकते.

तुमचे नियम होते. आत शिरल्यावर लगेच बसायचं नाही. आधी हात धुवायची जागा बघायची, मग मालक काय करतोय ते बघायचं. मालक स्वतः तिथलं जेवतो का, ही तुमची परीक्षा. हिंगोली रस्त्यावरच्या त्या मोठ्या धाब्यात गल्ल्याखाली घरून आलेला डबा दिसला तेव्हा तुम्ही मला दंडाला धरून बाहेर काढलंत. मला भूक लागली होती आणि आत शेवभाजीचा वास सुटला होता. "जो आपलं शिजवलेलं खात नाही, त्याचं आपन कायले खाचं?" असं म्हणून तुम्ही स्कुटीवर बसून मोकळ्या झालात. मग आपण रेल्वे स्टेशनजवळच्या त्या बिनपंख्याच्या खोलीत गेलो, तिथे म्हातारा मालक खाली मांडी घालून भाकर कुस्करत बसला होता. त्याने आपल्या ताटातली हिरवी मिरची उचलून तुम्हाला दिली. तुम्ही माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलंत. तिथली पाटोडीची भाजी, म्हणजे जाळ रश्श्यातल्या बेसनाच्या वड्या, खाऊन मी सोमवारी रजा काढली होती, हेही नोंदवून ठेवते.

हॉटेलांना नावं आपण ठेवायचो. पाट्यांवरची नावं आपण कधी वापरलीच नाहीत. बिनपंखा, बंद घड्याळ, रुसलेला मालक, दोन बायकांचं. दोन बायकांचं म्हणजे पुसद नाक्याकडे त्या जावा-जावा चालवतात ते. तिथे पहिल्यांदा मला वाटलं की आपण आपल्याच घरी बसलोय. थोरली भाकरी थापता थापता माझी चौकशी करायची. कोकणात पाऊस किती पडतो हे तिला दर वेळी नव्याने ऐकायचं असे, आणि दर वेळी ती धाकटीला म्हणायची की अवं ऐक, हिच्या गावात चार महिने कपडेच वाळत नाहीत. तुम्ही कौतुकाने ऐकत बसायचात, जणू तो पाऊस तुम्हीच पाडलात.

नारळावरून तुम्ही मला किती छळलंत. अख्ख्या बाजारात मी नारळ शोधायची आणि मिळायचे ते देवापुढे फोडायचे, आत वाळून गुडगुड वाजणारे. तुमचं म्हणणं, नारळ भाजीत घालणारी माणसं तिखटाला घाबरतात. मी एकदा धरणातला रोहू आणून खोलीवर नारळाचं कालवण केलं, तुम्हाला बोलावलं. तुम्ही भात कालवलात, पहिला घास घेतलात, बराच वेळ चावलात आणि म्हणालात, "चांगली झाली वं मच्छीची बासुंदी." मी रागाने उठून तिखटाचा डबा तुमच्यापुढे आपटला. तुम्ही चमचाभर घातलंत, ढवळलंत आणि मग तीन वेळा भात घेतलात. जाताना उरलेलं डब्यात भरून मागून नेलंत. सोलकढी मात्र तुम्हाला शेवटपर्यंत औषध वाटली.

माझ्याकडे तुम्ही निदान दहा वेळा जेवलात. म्हणून तर मला जास्त लागायचं.

केनवडच्या बाजाराचा तो दिवस आठवतो? तुमचं तिथे कुणाकडे तरी काम होतं आणि मला तुम्ही नुसतं "चाल" म्हणून नेलंत. बाजारात एका गोणपाटावर सुकट आणि बोंबील मांडून एक बाई बसली होती. समुद्रापासून एवढ्या लांब, ज्वारी-सोयाबीनच्या मुलखात, बोंबील. मी तिथेच बसकण मारली. माझा तो अवतार बघून तुम्ही हसत होतात, आणि मग माझे डोळे भरलेले दिसल्यावर हसायच्या थांबलात. तुम्ही त्या बाईशी घासाघीस करायला लागलात आणि मी तुम्हाला सांगत होते की ताई, जाऊ दे, हे बोंबील नाहीत, हे माझे नातेवाईक आहेत. परतताना बसमध्ये त्या पिशवीमुळे आपल्या आजूबाजूच्या चार सीटा रिकाम्या झाल्या. तुम्ही पाय लांब करून बसलात. घरी नेऊन सुकटीत वांगं घालते म्हणालात, आणि मी म्हणाले की मग मी पण येते जेवायला. तुम्ही खिडकीबाहेर बघितलंत. त्या आठवड्यात तुम्ही सुकट-वांग्याचा डबा आणला असता तरी तुम्ही मला आपली मानता हे कळलं असतं. तुम्ही काहीच आणलं नाहीत. खरं तर ऑफिसातही तुम्ही घरचा डबा माझ्यापुढे कधी उघडला नाहीत. मधल्या सुट्टीत म्हणायचात, चाल, चहा घेऊन येऊ.

एकदा मी बोलले होते. शिरपूरहून परत येत होतो. स्टँडजवळ गरम जिलेबी खाऊन माझी जीभ सैल झाली असेल. मी म्हटलं, ताई, तुम्ही मला सगळ्या जगाच्या हातचं खाऊ घातलंत, तुमच्या हातचं कधी? घरी काय अडचण आहे? तुमचे मिस्टर रागीट आहेत का? तुम्ही हसण्यावारी नेलंत. "घरचं काय, रोजचंच हाय. अन् भांडे मलेच घासा लागतात." मी म्हटलं, मी घासते. मग तुम्ही हसणं बंद केलंत. बस थांबली, माणसं चढली-उतरली, तुम्ही तिकिटाची घडी घालत राहिलात. मला वाटलं, मी यांची कुणी नाही. शनिवारी फिरायला बरी, उंबऱ्याच्या आत नको. चार दिवस मी ऑफिसच्या दारावरून गेलेच नाही, पुस्तकांच्या मागच्या जिन्याने ये-जा केली. पाचव्या दिवशी तुम्ही गिला वड्याची, म्हणजे तुमच्याकडच्या दहीवड्याची, प्लेट घेऊन ग्रंथालयात आलात, जिथे खायला बंदी असल्याची पाटी मीच लावली होती, आणि माझ्या टेबलावर दही सांडून गेलात. भांडण मिटलं. विषय तसाच राहिला.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा मी गावी होते, दिवाळीच्या सुट्टीत. परवा-परवापर्यंत तुम्ही फोनवर मला ओल्या काजूंची ऑर्डर देत होतात, आणि दिवाळीत ओले काजू नसतात हे मी तुम्हाला तिसऱ्यांदा समजावत होते. मग तुमची सून स्नेहल हिचा फोन आला, तुम्ही गेल्याचा. आठ दिवसांत सगळं उरकलंत, ताई. एवढी घाई तुम्ही कधी बिल द्यायलाही केली नव्हती. कुडाळहून गाडी, मग बस, मग दुसरी बस, वाटभर मी तुमच्याशी मनात भांडत आले. अंत्ययात्रा चुकली. तुमच्याकडच्या जलदानविधीच्या दिवशी मी पोचले.

गल्लीच्या तोंडाशी मी स्कुटी थांबवली. पाय आपोआप टेकले. मग म्हटलं, आता कोण अडवणार आहे, आणि गाडी आत घातली. पाचवं घर, हिरवा दरवाजा, बाहेर मांडव, कुंडीत कढीपत्ता. एवढंच होतं. यासाठी मला तीन वर्षं बाहेर ठेवलंत?

वंदना झाली. तुमच्या फोटोपुढे मी मेणबत्ती लावली. फोटोत तुम्ही गंभीर आहात, असा फोटो कुणी निवडला विचारायला हवं. तोंडात घास असताना तुम्ही जशा दिसायचात तसा एकही फोटो कुणाकडे नाही, माझ्याकडेही नाही. मग मांडवात पंगती बसायला लागल्या. आतून वांग्याच्या भाजीचा वास आला. सकाळपासून मी पोटात काही घेतलं नव्हतं आणि खरं सांगते, इतक्या दुःखातही मला हायसं वाटलं की चला, उशिरा का होईना, आज या घरचं जेवण मिळेल.

स्नेहल मला आणि कॉलेजातून आलेल्या आणखी दोघांना समोरच्या खोलीत घेऊन गेली. खुर्च्या, टीपॉय, स्वच्छ टेबलक्लॉथ. आणि आमच्यापुढे आली कागदी प्लेट: कचोरी, पेढा, केळ्याचे वेफर, बंद बाटलीचं पाणी. खोक्यावर हॉटेलचं नाव होतं. आपण तिथे दोनदा गेलो होतो. बरोबरच्या दोघांनी कचोरी खाल्ली, रुमालाने हात पुसले, नमस्कार केला आणि निघून गेले. त्यांना काही खटकलं नाही. मी प्लेट हातात धरून बसले. स्नेहलला म्हटलं, आत जेवण आहे ना गं? ती गोंधळली. म्हणाली, मॅडम, तुमच्यासाठी मुद्दाम बाहेरून मागवलं. आईनंच सांगून ठेवलं होतं.

काय सांगून ठेवलं होतं, मी विचारलं. तिने देवानंदभाऊंना हाक मारली.

तुमच्या नवऱ्याला मी आजवर दोनदा भेटले होते, दोन्ही वेळा रस्त्यात. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. ते खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसत आले आणि माझ्यासमोर बसले. आधी नको-नको म्हणत होते. मग म्हणाले, "थे म्हने, परब मॅडमले घरचं चालत नाही. त्या कदी आल्या, तं हॉटेलातलं आनून द्याचं. त्याईच्यावर नाही म्हनाची पाळी आनू नोका."

मला काही समजेना. मी म्हटलं, भाऊ, मला काय चालत नाही? कुणी सांगितलं? ते म्हणाले, तुमीच तं खीर वापस केली होती.

आठवायला मला वेळ लागला, ताई. खरंच लागला. मी हजर होऊन महिनाही झाला नव्हता. बुद्धपौर्णिमा होती, सुट्टी होती. भर दुपारी तुम्ही रिक्षा करून माझ्या खोलीवर आलात, मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात तांदळाची खीर. तुमच्याकडे त्या दिवशी खीर करून आपल्या माणसांना वाटतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या दिवशी सोमवार होता. माझा सोमवारचा उपवास असतो, लहानपणापासून, संध्याकाळी सोडते. उपवासाला तांदूळ चालत नाही. संध्याकाळपर्यंत ठेवायची म्हटली तर खोलीत फ्रिज नव्हता आणि वाशीमचा मे महिना, दुधाची खीर दोन तासांत फुटली असती. मी म्हटलं, ताई, आज माझा सोमवार आहे, खीर नासून जाईल, घरी न्या, मुलं तरी खातील. तुम्ही हो म्हणालात. पाणी प्यायलात, डबा उचललात आणि गेलात. मी दार लावून घेतलं आणि पुस्तक वाचत पडले.

माझं आडनाव आणि परत आलेला डबा, एवढ्यावर तुम्ही समजून चुकलात. उपवास हे कारण तुम्ही आयुष्यात किती वेळा ऐकलं असेल? आज चतुर्थी आहे, आज गुरुवार आहे, पोट बरं नाही, आत्ताच जेवून आले. माझं तेवढं खरं होतं आणि ते त्याच रांगेत जाऊन बसलं. वर मी तुम्हाला माझ्या खोलीवर बोलावून जेवू घालत होते, त्यानेही काही सिद्ध झालं नाही. दुसऱ्याला वाढणं सोपं असतं, हात पुढे करून घेणं निराळं, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. तुम्ही जन्मापासून जाणत होतात.

आणि मग तुम्ही काय केलंत? मला तोडलं नाहीत, टोमणा मारला नाहीत, ऑफिसात कुणाला बोलला नाहीत. जूनमध्ये शनिवारचा बेत काढलात. भाऊंनी तेही सांगितलं. त्यांनी विचारलं होतं तुम्हाला, की जी बाई आपलं खात नाही तिच्यासोबत काहून फिरते. तर तुम्ही म्हणाला होतात, "एकटी हाय बिचारी. हॉटेलात कोनी कोनाले इचारत नाही."

मी भाऊंना सगळं सांगितलं. सोमवार, तांदूळ, ऊन. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "फ्रिज नोता?"

"नव्हता हो भाऊ."

 मग त्यांच्या खांद्याला हिसके बसायला लागले आणि मला कळेना हा माणूस रडतोय की हसतोय. दोन्ही चाललं होतं. म्हणाले, थे खीर आम्ही दोघांनी बसून संपवली संध्याकाळपर्यंत, अन् मले शुगर हाय. मग मलाही तसंच झालं. दाराशी माणसं जमा झाली, जलदानाच्या दिवशी समोरच्या खोलीत कोण हसतंय म्हणून. तुम्ही असतात तर आम्हाला दोघांनाही बह्याड म्हणून वेड्यात काढलं असतंत.

आता माझं ऐका. तुम्ही हे विचारायला हवं होतंत. एका ताटात शेवभाजी ओरपणारी बाई तुमच्या घरची भाकरी नाकारेल असं एकेचाळिसाव्या हॉटेलातही वाटत होतं तुम्हाला? मला नाही वाटत. मला वाटतं तोवर माझे सोमवार बघून तुम्ही ओळखून होतात. पण विचारून बघायचं, आणि मी चाचरले तर? तर शनिवार गेले असते. तुम्ही ते शनिवार जपलेत. राग धरू म्हटलं तरी इथे येऊन तो फसकन विझतो.

आणि माझंही सांगते, तुमच्यासमोर सांगायला हवं होतं ते. माझ्याबाबतीत तुमचं चुकलं, पण माझ्या आजीच्या बाबतीत तुमचं बरोबर होतं. आमच्या पडवीत दोन कप वेगळे उलटे ठेवलेले असायचे आणि ते कुणासाठी ते आम्हा पोरांना न सांगता ठाऊक होतं. ते कप मी पाहिलेत, ताई. त्यात चहा नेऊनही दिलाय. हे तुम्हाला एकदा तरी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही चष्म्यावरून पाहिलं असतंत आणि मग कदाचित म्हणाला असतात, चाल घरी. मी मात्र आमंत्रणाची वाट बघत बसले. मानाची माणसं आम्ही. सरळ तुमच्या मागून गल्लीत चालत आले असते तर कोण मला हाकलणार होतं?

तुमच्या चुकीपायी मला एक अख्खं गाव मिळालं, हेही खरं. बिनपंख्याचा म्हातारा आता मला बघून भाकर टाकायला सांगतो. जावा-जावांना तुमचं कळवायला मीच गेले. थोरलीने तवा उतरवून ठेवला, मग माझ्यासाठी ताट वाढलं आणि पैसे घेतले नाहीत. वाशीममध्ये मी आता उपाशी राहणार नाही. तेवढी सोय तुम्ही करून गेलात.

तर त्या दिवशी मी ती कागदी प्लेट टीपॉयवर ठेवली आणि स्नेहलला म्हटलं, मला आत जेवायचं आहे. ती भाऊंकडे बघायला लागली. भाऊ म्हणाले, बसव. मी मांडवात गेले. बायकांच्या पंगतीत धनजहून आलेल्या तुमच्या धाकट्या बहिणीशेजारी जागा होती, तिने सरकून दिली. पत्रावळीवर पोळी, वांग्याची भाजी, वरण, भात, बुंदी. वांगी स्नेहलने केली होती, तुमच्या हाताखाली शिकलेली. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या बाजूच्या बाईने मला बुंदी पुढे केली, तिखट लागलं म्हणून. मी बुंदी घेतली.

भाजी उत्तम होती, ताई. एकेचाळिसांत अशी नव्हती. हे तुम्ही माझ्यापासून तीन वर्षं लपवून ठेवलंत.

कुणीतरी भाजी घेऊन आलं, मी घेतली. वरण आलं, घेतलं. पोट भरलं होतं तरी भात आला तो घेतला. उठताना भाऊ मांडवाच्या खांबाला टेकून माझ्याकडे बघत होते. मी हात धुतले, त्यांच्याजवळ गेले आणि म्हटलं, रविवारी जेवायला येतेय. विचारलं नाही त्यांना, सांगितलं.